मिरिन: यीस्टला दाराबाहेर ठेवणारी दारू

जपानी स्वयंपाकघरात ओट्याच्या खालच्या कप्प्यात सोया सॉसच्या शेजारी एक बाटली हमखास असते. आत सोनेरी, किंचित दाट द्रव. चमचाभर जिभेवर घेतला तर आधी गोडी येते आणि मागून घशाला हलकी ऊब. हे मिरिन. यात ४० टक्क्यांहून जास्त साखर असते आणि सुमारे १४ टक्के अल्कोहोल. पण खऱ्या, पारंपरिक मिरिनमध्ये ही साखर कोणी घातलेलीच नसते! ऊस नाही, बीट नाही, मध नाही. तांदूळ, तांदळावर वाढवलेली एक बुरशी आणि थोडी कडक दारू, एवढीच सामग्री. मग एवढी गोडी आली कुठून?

ती तांदळातच होती. कोरड्या भाताचा एक घास घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोड लागू लागेल. भातातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. एकेक मणी गोड, पण माळ इतकी मोठी की जिभेला त्या गोडीचा पत्ताच लागत नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम ती माळ मध्येमध्ये कापतं आणि गोडी मोकळी होते. मिरिनमध्ये घडतं ते एवढंच. फक्त कात्री आपल्या तोंडातली नसते आणि कापाकापी महिना-दोन महिने चालते.

ही कात्री पुरवते कोजी. तांदूळ वाफवायचा, कोमट होऊ द्यायचा, लाकडी तबकात पसरायचा आणि त्यावर आस्परगिलस ओरायझी या बुरशीचे बीजाणू भुरभुरायचे. खोली उबदार आणि दमट. दोनेक दिवसांत प्रत्येक दाण्यावर पांढरी लव दिसू लागते. एखादा दाणा फोडून पाहिला तर तिचे धागे पार आत शिरलेले दिसतात. बुरशीला तोंड नाही, पोट नाही; म्हणून ती आपली पाचक एन्झाइम बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. माणसाने हे हेरलं आणि तिच्या तयार पंगतीतलं आयतं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. केव्हा? सूक्ष्मजीव म्हणजे काय हे जगात कोणालाही ठाऊक नव्हतं, त्याच्या शेकडो वर्षं आधी!

या बुरशीचं कूळ कळलं तर अंगावर काटा येईल. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी आस्परगिलस फ्लेव्हस दमट शेंगदाण्यावर नि मक्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा घात करणारं विष बनवते. कोजीची बुरशी मात्र ते विष बनवत नाही. पिढ्यान्पिढ्या माणसाच्या हाताखाली, वाफवलेल्या तांदळावर वाढता वाढता ती माणसाळली. २००५ साली तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, बारा हजारांवर जनुकं निघाली. पुढच्याच वर्षी जपानच्या मद्यनिर्मितीशास्त्राच्या संस्थेने तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ ठरवलं. राष्ट्रीय पक्षी असतो, फूल असतं. इथे एका बुरशीला तो मान मिळाला. आणि तो तिने कमावलेला आहे. सोया सॉस, मिसो, साके, मिरिन या सगळ्यांच्या मुळाशी तीच आहे. ताकामिने जोकिची या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तर १८९४ साली अमेरिकेत याच बुरशीच्या एन्झाइमवर पेटंट घेतलं आणि ‘टाका-डायास्टेज’ नावाचं पचनाचं औषध बाजारात आणलं.

आता मिरिनची खरी करामत. त्यासाठी आधी साके कशी होते ते पाहू, कारण इथपर्यंत दोन्हींची वाट एकच आहे. साकेत वाफवलेला तांदूळ, कोजी आणि पाणी एकत्र करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. कोजी माळ कापून ग्लुकोज मोकळं करत जाते, यीस्ट ते खात जातं आणि अल्कोहोल बनवत जातं. एका हाताने देणं, दुसऱ्याने घेणं. शेवटी साखर बहुतेक संपलेली असते आणि हाती येते दारू.

मिरिन करणारा पाण्याच्या जागी शोचू ओततो. शोचू ही जपानी ऊर्ध्वपातित दारू, आणि मिरिनसाठी ती चांगली कडक, ४० टक्क्यांच्या आसपासची घेतात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्टचं काही चालत नाही. हवेतून चुकून आलं तरी ते तिथे जगू शकत नाही. खुद्द कोजीची बुरशीही मरते. मग काम करतं कोण?

एन्झाइम! ती जिवंत नसतातच. ती म्हणजे नुसते प्रथिनांचे रेणू. मालकीण गेली तरी तिच्या कात्र्या अल्कोहोलमध्ये चालतच राहतात. रोज थोड्या माळा तुटतात, रोज थोडी साखर सुटते आणि ती खायला पिंपात कोणीच नसतं. वीस ते तीस अंश तापमानात चाळीस ते साठ दिवस हे मुकाट्याने चालू राहतं आणि साखर साचत साचत ४० टक्क्यांपार जाते. म्हणजे मिरिनला सगळे ‘तांदळाची गोड वाइन’ म्हणत असले, तरी त्याच्या पिंपात आंबण्याची क्रिया मुळी होतच नाही. त्यातलं अल्कोहोल बाहेरून आणलेलं असतं, आणि त्याचं पहिलं काम पहारा देण्याचं.

तांदूळसुद्धा कोणताही चालत नाही. चिकट तांदूळच लागतो. साध्या तांदळाच्या पिष्टात दोन जातींच्या माळा असतात, सरळ ॲमायलोज आणि फांद्या फुटलेलं ॲमायलोपेक्टिन. भात गार झाला की सरळ माळा एकमेकींना बिलगून घट्ट होतात. रात्रीचा भात सकाळी टणक लागतो तो यामुळेच. अशा घट्ट गठ्ठ्यात कात्री शिरत नाही. चिकट तांदळात जवळजवळ सगळं ॲमायलोपेक्टिनच असतं. त्याच्या फांद्या एकमेकींना बिलगायला फार वेळ घेतात, त्यामुळे गार पिंपातही दाणा मऊ राहतो आणि एन्झाइमला आठवडेच्या आठवडे काम करता येतं. ईशान्य भारतात, आसामच्या बोरा साउळमध्ये किंवा मणिपूरच्या काळ्या चाक-हाओमध्ये, हाच चिकटपणा सापडतो. आपला आंबेमोहोर मऊ आणि आसट होतो, पण तो या जातीतला नव्हे.

कोजीकडे प्रथिनं कापणारी एन्झाइमही असतात. ती तांदळातल्या प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्लं सोडतात, त्यात रसाळ, भरीव चव देणारं ग्लुटामिक आम्ल येतं. आणि साखर व अमिनो आम्लं शेजारी-शेजारी आली की मेयार अभिक्रिया सुरू होते, जिच्यामुळे भाकरीला तव्यावर खरपूस डाग पडतात. पण इथे तवा नाही, जाळ नाही! थंड पिंपात, बंद बाटलीत तीच अभिक्रिया कासवाच्या गतीने चालते. नवं मिरिन फिकट पिवळं असतं, मुरत जाईल तसं सोनेरी होतं, आणि काही वर्षं ठेवलेलं तर सोया सॉसशी स्पर्धा करेल इतकं काळपट.

जपानी कागदपत्रांत मिरिनचा उल्लेख १५९३ सालच्या ‘कोमाई निक्की’ या रोजनिशीत सापडतो. ते चीनमधून आलं की जपानातल्याच जुन्या गोड दारूतून घडलं, यावर दोन मतं आहेत. काहीही असो, तेव्हा ती पिण्याची चीज होती, कडक दारू न झेपणाऱ्यांसाठीची. उन्हाळ्यात त्यात शोचू मिसळून गार पीत. आजही नववर्षाला मसाल्याच्या पुरचुंडीचा अर्क उतरवून ‘तोसो’ नावाचं पेय पितात, त्यात मिरिन असतं.

पेल्यातून ते पातेल्यात गेलं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७८५ साली छापलेल्या एका पाककृतीच्या पुस्तकात लाल शिंपल्यांच्या पदार्थात मिरिन घालायला सांगितलं आहे. पुढे भूगोलाने हात दिला. एदो नदीच्या काठी, आजच्या चिबा प्रांतात, नोदा आणि नागारेयामा ही गावं एकमेकांना लागून आहेत. नोदात सोया सॉस व्हायचा, नागारेयामात मिरिन, आणि दोन्ही होड्यांत भरून नदीमार्गे एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जायचं. एका नदीवरून दोन्ही चवी एका शहरात उतरत राहिल्या आणि त्यांच्या मिश्रणातून निखाऱ्यावरच्या ईल माशाचं ‘काबायाकी’ आणि सोबा नूडल्सचा रस्सा अशा एदोच्या खास चवी घडल्या. नागारेयामाच्या एका मिरिनवाल्याची आणि हायकूकार इस्साची गाढ मैत्री होती. इस्सा त्याच्याकडे वारंवार मुक्कामाला असे. त्या दोघांच्या नावाचं स्मारक गावात आहे.

दुसरं मोठं केंद्र आइची प्रांतातला मिकावा भाग, त्यातही हेकिनान शहर. तिथली एक पेढी १७७२ पासून मिरिन करते आहे. जुन्या पद्धतीचा तिथला हिशेब ऐकण्यासारखा आहे: एक शो तांदळातून एक शो मिरिन. शो म्हणजे सुमारे १.८ लिटर. तांदळाच्या मापाएवढंच मिरिन. ते वर्षभर आणि त्याहून जास्त मुरवतात. रस पिळून उरलेला चोथा पांढरा, भुसभुशीत असतो. त्याला जपानीत सांडलेल्या प्लमच्या फुलांचं नाव आहे आणि लोक तो आवडीने खातात.

एवढं असूनही घरोघरी मिरिन पोचायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ते मद्य, म्हणून त्यावर मद्यकर. सामान्य घराला न परवडणारा. पन्नास-साठच्या दशकांत कर उतरला आणि मग ते ओट्याखाली आलं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीच्या साह्याने मद्य बनवण्याच्या जपानी कौशल्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता पातेल्यात डोकावू. चमचाभर मिरिन पडलं की तिथे एकाच वेळी चार कामं सुरू होतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी करून पाहणं फार गरजेचं आहे. मिरिनला पर्याय शोधताना लोक अडतात ते इथेच. ते ‘मिरिनच्या जागी काय?’ असं विचारतात. विचारायला हवं: मला यातलं कोणतं काम करून हवं आहे?

पहिलं काम गोडीचं. मिरिनची गोडी साखरेपेक्षा खूपच सौम्य. तीत ग्लुकोज आहे, दोन-तीन मण्यांचे छोटे तुकडे आहेत, आणि त्यातलं काहीही साखरेइतकं गोड नाही. म्हणून मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर मिरिनची गोडी छोट्या चमचाभर साखरेएवढी भरते.

दुसरं काम चकाकीचं. तेरियाकीच्या, म्हणजे चकचकीत लेप चढवलेल्या माशाच्या, तव्याकडे जवळून पाहा. सोया सॉस आणि मिरिन ओतल्यावर सुरुवातीला मोठे, पाण्यासारखे फुटणारे बुडबुडे येतात. मग ते लहान होतात, संथ होतात, फुटताना रेंगाळू लागतात. याच घटकेला मासा त्यात उलटला की त्याच्यावर आरसपानी तांबूस लेप चढतो. हे छोट्या तुकड्यांच्या साखरांचं काम. आणि तांबूसपणा लवकर येतो, कारण ग्लुकोज सोया सॉसमधल्या अमिनो आम्लांशी थेट अभिक्रिया करतं. साध्या साखरेला आधी तुटून ग्लुकोज व्हावं लागतं, तेव्हा कुठे तिला या खेळात घेतात.

तिसरं काम वासाचं, आणि मला सगळ्यात जास्त चकित करणारं. माशाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. आपल्या कोकणात त्याला कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावतात. आम्ल त्या रेणूला जखडून ठेवतं, त्याला हवेत उडू देत नाही. मिरिन नेमकं उलट करतं. त्यातलं अल्कोहोल उकळताना वाफ होऊन जातं आणि वासाचे रेणू सोबत घेऊन जातं. एका किनाऱ्यावर वासाला खाली दाबतात, दुसऱ्या किनाऱ्यावर त्याला हाकलून देतात, आणि ताटातला मासा दोन्हीकडे गोड लागतो!

चौथं काम सहज दिसत नाही. अल्कोहोलचा रेणू लहान. तो चटकन आत शिरतो आणि चव आतपर्यंत पोचायला मदत होते. शिवाय अल्कोहोल आणि साखर मिळून बटाट्यासारख्या भाजीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन सहज विरघळू देत नाहीत. म्हणून बराच वेळ शिजूनही फोडी अखंड राहतात.

दुकानातल्या बाटल्यांविषयी थोडं सांगायलाच हवं. ‘होन-मिरिन’ म्हणजे अस्सल, वर सांगितलेलं. ‘मिरिन-फू’ म्हणजे मिरिनसारखं. त्यात ग्लुकोजचं सिरप, आम्ल आणि चवीचे पदार्थ मिसळलेले असतात आणि अल्कोहोल १ टक्क्याहून कमी. तिसरा प्रकार मीठ घातलेला. मीठ अशासाठी, की तो पिण्याजोगा राहू नये आणि मद्यकरातून सुटावा. हा वापरलात तर सोया सॉस थोडा कमी घाला. मुंबई-पुण्यात मिळणाऱ्या बाटलीच्या मागचं लेबल वाचलंत तर बहुधा दुसरा किंवा तिसरा प्रकार निघेल. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. गोडी आणि चकाकी तो छान देतो. वास काढण्याची अपेक्षा मात्र मिरिन-फूकडून ठेवू नका. त्या कामाचा गडीच त्यात नाही.

आता पर्याय. हाताशी साके असेल तर प्रश्नच मिटला: मोठा चमचा साके आणि छोटा चमचा साखर, म्हणजे मोठा चमचा मिरिन. जपानी घरांतही मिरिन संपलं की हेच करतात. साके नसेल तर नाशिकची कोरडी पांढरी वाइन घ्या. द्राक्षाचं आम्ल जाणवतं, म्हणून साखर चिमूटभर वाढवा. दोन्ही नसेल आणि घरात व्होडका असेल तर गणित सोपं आहे. व्होडका चाळीसएक टक्क्यांची, मिरिन चौदाचं. म्हणून एक मोठा चमचा व्होडका, दोन मोठे चमचे पाणी, एक मोठा चमचा साखर. हे तीन मोठे चमचे मिरिनच्या जागी चालतं. वास निघेल, गोडी येईल. मुरलेल्या मिरिनची खोली मात्र येणार नाही. तांदळाचा व्हिनेगर हा पर्याय नव्हे. दुकानात तो मिरिनच्या शेजारी असतो, बाटलीही तशीच दिसते, म्हणून घोटाळा होतो. पण तो आंबट आहे आणि त्यात गोडी नाही.

ज्या घरात मद्य चालत नाही, तिथे एक गोष्ट स्पष्ट कळायला हवी. ‘उकळलं की अल्कोहोल सगळं उडून जातं’ हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटं उकळल्यावरही सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तासांनीही ५ टक्के. तेव्हा अशा घरात कामं वाटून द्यावीत, आणि इथे आपलं स्वयंपाकघर फार उपयोगी पडतं. वासासाठी माशाला आधी लिंबू किंवा आगळ लावून दहा मिनिटांनी धुऊन घ्या आणि सॉसमध्ये आलं किसून घाला. आलं जपानी लोकही घालतात. गोडी आणि चकाकीसाठी छोटा चमचा मध दोन छोटे चमचे पाण्यात. मध का, साखर का नाही? मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे, मोकळेच असतात. त्यामुळे मिरिनसारखाच तांबूसपणा लवकर येतो. कोल्हापुरी काकवीतही अशा सुट्या साखरांचा काही वाटा असतो. तिचा स्वतःचा वास दणकट आहे, पण वांग्यावर मिसोचा लेप लावून भाजताना मला ती मधापेक्षा उजवी वाटते.

आणि मिरिनच्या सख्ख्या नात्यातला, थेंबभरही अल्कोहोल लागत नाही असा एक पर्याय आहे, अमाझाके. मऊ भात आणि कोजी पाण्यात मिसळून ५५ ते ६० अंशांवर आठ-दहा तास ठेवायचं. इथे यीस्टला अडवायला अल्कोहोल नसतं, उष्णता असते. त्याच कात्र्या, त्याच माळा, फक्त या उबेत त्या इतक्या वेगाने चालतात की महिन्याचं काम रातोरात होतं. पांढरी, गोड, पेजेइतकी दाट अमाझाके गाळून सॉसमध्ये घाला. पहारेकरी नसल्यामुळे ती फ्रिजमध्येच ठेवावी आणि काही दिवसांत संपवावी. होन-मिरिन याच्या नेमकं उलट, बाहेर ठेवायचं. फ्रिजमध्ये त्यातली साखर खडे धरते. मिरिन-फू मात्र उघडल्यावर फ्रिजमध्ये.

सोबाच्या रश्शात किंवा नववर्षाच्या तोसोत मिरिनची जागा कोणीच घेऊ शकत नाही, तिथे अस्सलच हवं. पण तव्यावरच्या तेरियाकीत पर्याय उत्तम निभावतात, आणि सुरमई तर त्यासाठी अगदी योग्य. जपानी लोक तेरियाकीला वापरतात तो सावारा हा सुरमईच्याच प्रजातीकुळातला मासा आहे. तुकडे कोरडे पुसून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी जवळजवळ पूर्ण शिजवून घ्या. सोया सॉस, मिरिन आणि साके समभाग एकत्र करून तयार ठेवा. मिरिनच्या जागी मध-पाणी घेणार असाल तर साकेऐवजी साधं पाणी आणि किसलेलं आलं. मिश्रण शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच ओता. आधी ओतलंत तर करपेल, कारण सुटं ग्लुकोज तापल्या तव्यावर कोणासाठी थांबत नाही. आच मंद करा, बुडबुडे लहान आणि संथ झाले की तुकडे एकदा उलटा आणि लगेच उतरवा.